स्पिनर आणि स्पिनरबेट: नागपूरच्या पाण्यात कोणत्या माशासाठी कोणता

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘स्पिनर दाखवा’ असे म्हटले, की काउंटरवर दोन अगदी निरनिराळ्या घडणीच्या वस्तू एकत्रच ठेवल्या जातात. एका सरळ तारेभोवती फिरणारे पाते आणि खाली तीन टोकांचा गळ असलेला तो इनलाइन स्पिनर; तर सेफ्टी पिनेसारखी वाकवलेली तार, तिच्या वरच्या टोकाला पाते, खालच्या टोकाला शिशाचे डोके आणि त्यावर रबरी झालर असलेला तो स्पिनरबेट. दोन्हींत पाते फिरते, दोन्ही चमकतात, आणि दोन्ही लहान माशाच्या हालचालीची नक्कल करतात, म्हणून नवखा मनुष्य त्यांना एकाच वस्तूचे दोन आकार समजतो. प्रत्यक्षात एकाचे बलस्थान तीच दुसऱ्याची उणीव असते, आणि निवड चुकली तर दिवसभर गवत उपसण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

आधी इनलाइन स्पिनरची घडण पाहू. सरळ तारेवर एका छोट्या कडीने पाते अडकवलेले असते, त्याखाली पितळी वजन आणि शेवटी ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचा गळ, असतो. अनेकदा त्यावर केसांचा झुपका बांधलेला असतो. फ्रान्समध्ये १९३८ मध्ये सुरू झालेल्या मेप्स कंपनीने ही घडण जगभर नेली आणि आजही बहुतेक उत्पादक तिचेच अनुकरण करतात. या स्पिनरांना क्रमांक असतात. शून्य क्रमांकाचा सुमारे अडीच ग्रॅमचा, तीन क्रमांकाचा साडेसहा ग्रॅमच्या आसपासचा आणि पाच क्रमांकाचा तेरा ग्रॅमच्या घरातला असतो. उत्पादकागणिक वजन थोडे बदलते, पण क्रमांक वाढला की पाते मोठे आणि वजन जास्त, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

स्पिनरबेटमध्ये पाते आणि गळ एकाच रेषेत नसतात. तारेच्या वरच्या फांदीवर पाते फिरते, खालच्या फांदीवर शिशाच्या डोक्यात रोवलेला एकच मोठा गळ असतो आणि त्याचे टोक वरच्या दिशेने असते. त्यामुळे पाण्यातून ओढताना समोर आलेल्या काडीला किंवा वेलीला आधी तारेची फांदी लागते, डोके तिरके होऊन निसटते आणि गळ गवतात रुततोच असे नाही. इनलाइन स्पिनरला असे कोणतेही कवच नाही; त्याचे तीन उघडे आकडे जे आडवे येईल ते धरतात.

विदर्भाच्या पाण्याचा विचार करता हा फरक नुसता तांत्रिक राहत नाही. भंडारा-गोंदियापासून नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागापर्यंत पसरलेले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे बोलीत मामा तलाव, उथळ असतात. त्यांच्या काठाला बेशरमाची झुडपे उगवलेली असतात, मध्यभागी कमळ किंवा शिंगाडा लावलेला असतो आणि तळाशी लांबच लांब वनस्पती असतात. अशा पाण्यात इनलाइन स्पिनर टाकणे म्हणजे बहुतेक वेळा तो तिथेच सोडून येणे. उलट, कन्हान नदीच्या उघड्या वाळूच्या पात्रात, किंवा खिंडसीसारख्या मोठ्या जलाशयाच्या दगडी पाळीजवळ, जिथे पाणी मोकळे आहे, तिथे इनलाइन स्पिनर दूर जातो, लगेच फिरू लागतो आणि हलकाही असतो. तिथे स्पिनरबेट विनाकारण जड वाटतो. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात बुडालेली झाडे आहेत, तिथे मात्र निर्विवाद स्पिनरबेटच. (या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मत्स्य सहकारी संस्थांकडे असतात आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे, तेव्हा परवानगीची चौकशी सामान घेण्याआधीच करावी.)

पात्याचा आकार हा दोन्हींना समान असलेला, पण सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. गोलसर, खोलगट पात्याला कोलोरॅडो म्हणतात. ते तारेपासून दूर जाऊन फिरते, पाण्याला जोरात ढकलते आणि हळू ओढले तरी फिरत राहते. विलोच्या पानासारखे लांबट पाते तारेलगत वेगाने फिरते, धक्का कमी देते, पण लखलखते जास्त. या दोहोंच्या मधले इंडियाना. माशाला डोळ्यांखेरीज अंगाच्या दोन्ही बाजूंनी शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेषा असते, जी जवळच्या पाण्यातील हालचाल टिपते. गढूळ पाण्यात चमक काही हातांपलीकडे दिसत नाही, तिथे मासा धक्क्यावरच येतो. म्हणून पावसाळ्यानंतर कन्हान लालसर असते तेव्हा कोलोरॅडो, आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळते तेव्हा विलो, हा सर्वसाधारण नियम. रंगाचेही तसेच: निवळ पाण्यात आणि उन्हात चांदीचा रंग, मातकट पाण्यात पितळी किंवा तांब्याचा आणि संध्याकाळी काळा. रंगांच्या डब्यावर जे पैसे खर्च होतात, त्यातले निम्मे वेगवेगळ्या आकारांच्या पात्यांवर खर्च केलेले अधिक फळतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मासे. आपल्याकडे स्पिनर घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात मरळ असतो, आणि ते योग्यच आहे. मरळ हा दबा धरून बसणारा शिकारी आहे. तो वनस्पतींच्या कडेला, झुडपाच्या सावलीत किंवा बुडालेल्या खोडाला लागून थांबतो आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर किंवा माशावर झेपावतो. त्याला हवेतील प्राणवायूही लागतो, म्हणून तो मधूनमधून वर येऊन श्वास घेतो आणि त्या बुडबुड्यांवरून त्याची जागा कळते. अशा माशासाठी इनलाइन स्पिनर नेणे चुकीचे नाही, पण तो जिथे असतो तिथपर्यंत हे साधन पोहोचतच नाही. सात ते चौदा ग्रॅमचा, एक कोलोरॅडो पाते असलेला स्पिनरबेट वनस्पतींच्या पलीकडे टाकावा, पाण्याला लागताच ओढायला सुरुवात करावी आणि पाते पृष्ठभागाखाली इतके वर ठेवावे की मागे पाण्यावर बारीक रेघ उमटत राहील. झुडपातील फटीपाशी पोहोचताच ओढणे एक क्षण थांबवावे. स्पिनरबेट खाली जातानाही पाते फिरत राहते आणि झडप बहुधा त्याच वेळी पडते. झडप पडल्यावर मात्र क्षणभरही वाट पाहू नये, रॉड जोराने वर खेचावा, कारण मरळाचा जबडा कठीण असतो आणि हलक्या झटक्याने गळ टोचत नाही. याच कारणाने पातळ तारेचा गळ मरळासाठी निरुपयोगी ठरतो. तो सरळ होतो. फुलमरळ तर एक मीटरहून मोठा होऊ शकतो, तिथे गळ आणि तार दोन्ही जाड हवेत.

एक सूचना इथेच. पावसाळ्यात मरळाची जोडी पिल्लांभोवती राखण करते. पिल्ले नारिंगी-लालसर थव्याने पाण्याच्या पृष्ठभागावर उकळल्यासारखी दिसतात. त्या थव्यातून स्पिनर ओढला तर राखणदार मासा हमखास धावून येतो, पण ती भूक नसते, आणि तो पकडला की पिल्लांना कोणी वाली राहत नाही. तो थवा दिसला की दुसऱ्या बाजूला जावे.

वालागोचे, ज्याला कोणी पडीन तर कोणी शिवडा म्हणतात, गणित वेगळे आहे. हा लांब, चपट्या शेपटीचा, मोठ्या तोंडाचा शिकारी रात्री अधिक चळवळ्या असतो आणि वाहत्या पाण्याच्या खोल डोहात राहतो. तिथे वनस्पती फारशा नसल्याने चार किंवा पाच क्रमांकाचा इनलाइन स्पिनर चालतो, मात्र तो खोल बुडू द्यावा लागतो आणि प्रवाहाच्या विरुद्ध नव्हे, तर प्रवाहाला आडवा, हळू ओढावा लागतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा मासा असुरक्षित गटात आहे, त्यामुळे तो पकडलाच तर सोडून देणे हेच उचित. शिंगाडा मासा, म्हणजे मिशांचा आणि काटेरी पंखांचा, तळाशी वास घेत फिरतो. स्पिनरला तो कधीतरी येतो, पण त्याच्यासाठी स्पिनर विकत घेण्यात अर्थ नाही.

रोहू, कटला आणि मृगळ यांच्याविषयी तर एका परिच्छेदाहून अधिक लिहिण्याची गरज नाही. कटला पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू वनस्पतीजन्य अन्नावर जगतो आणि मृगळ तळाचा चिखल चाळतो. यांपैकी कोणीही स्पिनरचा पाठलाग करीत नाही. क्वचित एखादा अंगाला गळ अडकून वर येतो, पण त्याला पकडणे म्हणत नाहीत. यांच्यासाठी पिठाची गोळी आणि तरंड हेच खरे साधन.

लहान माशांकडे वळले की इनलाइन स्पिनर एकदम आपल्या जागी येतो. चिलापी घरट्याची राखण करीत असताना शून्य किंवा एक क्रमांकाच्या स्पिनरवर तुटून पडतो, कारण त्याला तो शत्रू वाटतो. ओढ्यांच्या वाहत्या पाण्यातील चमकदार बारीक मासेही याच क्रमांकावर येतात. इतका छोटा स्पिनर चालवायला बारीक दोरा आणि लवचिक रॉड लागतो. मरळाच्या जाड रॉडने तो दहा पावलेही जात नाही. लांब, सुईसारख्या चोचीचा जो मासा पृष्ठभागालगत तरंगतो, तो स्पिनरमागे मोठ्या हौशीने धावतो, पण त्याची चोच हाडाची असल्याने गळ कुठेही धरत नाही. त्याचे धक्के मोजत बसण्यात वेळ जातो, एवढेच.

महासीर नागपूरच्या तलावांचा मासा नव्हे. नर्मदेच्या खोऱ्यात आणि हिमालयाच्या नद्यांत जे जातात, त्यांनी खडकाळ, वाहत्या पाण्यात इनलाइन स्पिनरच घ्यावा. स्पिनरबेटला तिथे काम नाही. फक्त ट्रेबल हुक काढून मजबूत एकेरी गळ लावावा, कारण महासीराच्या जोरापुढे स्वस्त ट्रेबल हुक उघडतो, आणि एकेरी गळ असला की मासा सोडतानाही कमी इजा होते.

दोऱ्याचा पीळ हा इनलाइन स्पिनरचा जुना दोष. पाते फिरताना कधी संपूर्ण तारच फिरू लागते, आणि तासाभरात रीलवर दोऱ्याच्या गुंतागुंतीचा गोळा होतो. यासाठी स्पिनरच्या वर साधारण एक ते दीड फुटावर बॅरल स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोकांना स्वतंत्र फिरणाऱ्या कड्या असलेली छोटी जोडणी, बांधावे. नुसते स्विव्हल लावून भागत नाही, ते खरोखर फिरते का, हे बोटांत धरून पाहावे. पाते ओढायला सुरुवात करूनही फिरत नसेल, तर रॉडच्या टोकाने एक छोटा झटका द्यावा, ते फिरू लागते. स्पिनरबेटला पीळ पडण्याचा त्रास जवळजवळ नाही, कारण शिशाचे डोके खाली राहून त्याला स्थिर ठेवते. मात्र त्याची तार प्रत्येक मोठ्या माशानंतर थोडी वाकते, आणि वाकली की तो एका कुशीवर ओढला जातो. अशा वेळी पाते असलेली वरची फांदी बोटांनी हळूच सरळ करून ती गळाच्या टोकाच्या बरोबर वर, एकाच रेषेत आणावी आणि पाण्यात पावलाभर अंतर ओढून तो सरळ चालतो का हे पाहून मगच तो पुन्हा दूर टाकावा.

सुरुवात करणाऱ्याने अर्धा डझन वस्तू घेऊ नयेत. मामा तलावांवर जाणार असाल तर दहा ग्रॅमच्या आसपासचा, पितळी कोलोरॅडो पाते आणि काळी किंवा हिरवी झालर असलेला एक स्पिनरबेट घ्यावा. कन्हानच्या मोकळ्या पात्रासाठी दोन क्रमांकाचा चांदीच्या पात्याचा एक इनलाइन स्पिनर, आणि त्याच्यासोबत दोन चांगली स्विव्हले. झालर मात्र सिलिकॉनची आहे का हे विचारून घ्यावे, कारण साधी रबरी झालर नागपूरच्या मे महिन्यात बंद डब्यात राहिली की एकमेकांना चिकटून एकसंध गोळा होते.