लग्नाची पत्रिका आणि लग्नाचे संकेतस्थळ: एकाच मजकुराच्या दोन प्रती नव्हेत

गेल्या काही लग्नसराईंत आप्तेष्टांनी पाठवलेल्या लिंक उघडून पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी एकच प्रकार आढळला. छापखान्यातून आलेल्या पत्रिकेचे चित्र वर चढवलेले, त्याखाली जोडप्याची छायाचित्रे, पान उघडताच न विचारता वाजू लागणारी सनई आणि लग्नाला किती दिवस, किती तास, किती सेकंद उरले ते दाखवणारे घड्याळ. याला ‘लग्नाची वेबसाइट’ असे नाव दिले जाते. प्रत्यक्षात ती पत्रिकाच असते आणि मोबाइलच्या पडद्यावर तिची अक्षरे कागदापेक्षा बारीक दिसतात, एवढाच काय तो फरक.

पत्रिका म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. कुलदेवतेचे स्मरण, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, चि. आणि चि. सौ. कां., शके, मिती, मुहूर्त, स्थळ, ‘आपले विनीत’ यांची लांबलचक यादी आणि तळाशी भाचरांचे लाडिक बोलावणे. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची आणि जवळच्या माणसांना ती घरी जाऊन, अक्षत देऊन द्यायची. यात काहीही बदलण्याची गरज मला वाटत नाही. विनीतांच्या यादीत कोणाचे नाव कोणाच्या वर छापले जाते यावरून घराघरांत जे रुसवेफुगवे होतात, तेही पत्रिकेच्या कामाचाच भाग आहेत, कारण पत्रिका हा मानाचा कागद आहे.

गफलत होते ती पुढे. पत्रिकेत यजमान बोलतो आणि पाहुणा ऐकतो. संकेतस्थळावर पाहुणा प्रश्न विचारत येतो आणि यजमानाने आधीच उत्तर देऊन ठेवलेले असावे लागते. संकेतस्थळ उघडणाऱ्या माणसाला बोलावणे केव्हाच मिळालेले असते. आपल्याला मानाने बोलावले आहे की नाही, हे पाहायला तो तेथे येत नाही. तो बहुधा तिकीट काढताना, बॅग भरताना किंवा अनोळखी गावात रिक्षात बसून एका हाताने मोबाइल धरून पान उघडतो. अशा वेळी त्याच्यापुढे ‘आमची पहिली भेट’ या मथळ्याखालील चार परिच्छेद उलगडत जावेत, हा मी पाहुणचाराचा भाग मानत नाही. एका लग्नाच्या दिवशी कार्यालयाचा पत्ता शोधत मी भर रस्त्यात उभा होतो आणि तो पत्ता एका चलतचित्राच्या शेवटी तीन सेकंद झळकून जात होता. ते चित्र मी चार वेळा पाहिले.

वेळेचेच उदाहरण घ्यावे. पत्रिकेवर ‘शुभमुहूर्त दुपारी १२ वाजून ३४ मिनिटे’ असे छापलेले असते आणि ते तसेच असले पाहिजे, कारण तो पंचांगातला क्षण आहे. पाहुण्याचा प्रश्न मात्र ‘मी कितीला पोहोचू’ हा असतो. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी आहे का, त्याला सर्वांनी यायचे आहे की फक्त घरच्यांनी, सकाळचा नाश्ता किती वाजेपर्यंत मिळेल, अक्षता टाकून लगेच पंगतीला बसता येईल का आणि परतीची गाडी साडेतीनची असेल तर जमेल का, यांपैकी एकाही प्रश्नाला मुहूर्ताची मिनिटे उत्तर देत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांना थेट प्रक्षेपण दाखवायचे असेल, तर त्यांच्या घड्याळाची वेळही स्पष्ट लिहावी. डिसेंबरात दुपारी साडेबाराचा मुहूर्त न्यू जर्सीत पहाटे दोनला आणि लंडनमध्ये सकाळी सातला येतो. मे महिन्यात तेथील घड्याळे एक तास पुढे असल्याने तोच मुहूर्त अनुक्रमे पहाटे तीन आणि सकाळी आठ असा होतो. हे गणित पाहुण्यांवर सोडले, तर निम्मे लोक मंगलाष्टके संपल्यावर उगवतील.

स्थळाचेही तसेच. समजा, लग्न २० डिसेंबरला सावंतवाडीत आहे. पत्रिकेवर कार्यालयाचे नाव आणि ‘सावंतवाडी’ एवढे पुरते. संकेतस्थळावर तेवढेच लिहिले, तर पाहुणा तीन ठिकाणी चुकू शकतो. रेल्वेचे स्थानक ‘सावंतवाडी रोड’ या नावाचे आहे आणि ते शहरात नाही, त्यामुळे उतरल्यावर रिक्षाची सोय पाहावी लागते. शिवाय सगळ्याच वेगवान गाड्या तेथे थांबत नाहीत. विमानाने येणाऱ्याने ‘गोवा’ असे पाहून तिकीट काढले, तर गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. पेडणे तालुक्यातला मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो सावंतवाडीला जवळ आहे. दाबोळी मात्र जुवारी नदीच्या पलीकडे, वास्कोजवळ आहे. तिकिटावर मोपासाठी ‘जीओएक्स’ आणि दाबोळीसाठी ‘जीओआय’ अशी संकेताक्षरे असतात, हे एका ओळीत लिहिले, तर कोणाचे तरी टॅक्सीचे भाडे आणि दोन-तीन तास वाचतात. नाताळाच्या तोंडावर गोव्याकडची विमाने आणि कोकणातल्या गाड्या भरून जातात, हेही सांगावे.

यातूनच दुसरी एक गोष्ट निघते, जी पत्रिकेच्या सवयीमुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पत्रिका हातात पडते ती लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे १९ डिसेंबरला निघणाऱ्या पाहुण्याचे आरक्षण २० ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता उघडणार आणि तेव्हा आपली पत्रिका छापखान्यातही गेलेली नसणार. म्हणून पत्रिका तयार होईपर्यंत संकेतस्थळ थांबवून ठेवणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. तारीख, गाव, जवळचे स्थानक, योग्य विमानतळ आणि उतरण्याची सोय यजमान करणार आहेत की पाहुण्याने स्वतः करायची आहे, एवढ्या पाच ओळींचे पान ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार असले तरी पुरे. छायाचित्रे नंतर लावता येतात. लावली नाहीत तरी चालते.

‘सहकुटुंब सहपरिवार’ हा शब्दप्रयोग पत्रिकेत शोभतो. आचाऱ्याला आणि कार्यालयाच्या व्यवस्थापकाला मात्र आकडा लागतो. ‘येणार का ते कळवा’ असे विचारणे आपल्याकडे थोडे कोरडे मानले जाते, हे मला मान्य आहे. त्यामुळे अर्जात ‘आपण येणार का’ असा प्रश्न न ठेवता ‘मुक्कामाला किती जण असाल’ आणि ‘स्थानकावर घ्यायला गाडी पाठवू का’ असे विचारावे. प्रश्न आतिथ्याचा राहतो आणि आकडा मिळतो. आहेराबाबत मी हट्टी आहे: पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापायचे आणि संकेतस्थळावर पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड लावायचा, हे दोन्ही एका घरात शोभत नाही.

छापलेली पत्रिका बदलता येत नाही, म्हणून ती तीनदा तपासतात. संकेतस्थळ बदलण्यासाठीच असते. तरीही हळदीची वेळ बदलली की लोक पत्रिकेचे नवे चित्र करून व्हॉट्सॲपवर पाठवतात. मग जुनी आणि नवी अशा दोन पत्रिका गटागटांतून फिरत राहतात आणि कोणती खरी, हे विचारण्यासाठी वधूच्या वडिलांना ऐन धावपळीत पन्नास फोन येतात. बदल पानावरच करावा, वर ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख घालावी आणि गटात फक्त पानाकडे बोट दाखवावे. संपर्कासाठी दोन क्रमांक द्यावेत, पण ते वधूवरांच्या आईवडिलांचे नसावेत. ज्याला त्या दिवशी मंडपात बसायचे नाही असा एखादा चुलतभाऊ या कामाला योग्य.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर किंवा संगणकावर नीट वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकित केलेला असावा. छापखान्यातली पत्रिका अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये जुळवलेली असते आणि तेथून मजकूर उचलून पानावर चिकटवला की अगम्य चिन्हांची रांग उमटते. मग कंटाळून पुन्हा चित्रच लावले जाते, ज्यातला पत्ता नकाशात उचलून टाकता येत नाही आणि आजोबांना अक्षर मोठे करून वाचता येत नाही. पानाला साधा परवलीचा शब्द ठेवावा. लग्नाच्या दिवशी घराला कुलूप असणार, ही बातमी घराच्या पत्त्यासकट साऱ्या जगाला देण्याचे कारण नाही.

पाहुण्यांना पाठवायची ती लिंकच असावी, फाइल नव्हे. २०२४ च्या लग्नसराईत हिमाचल प्रदेशाच्या सायबर पोलिसांनी लग्नाच्या निमंत्रणाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘एपीके’ (अँड्रॉइड मोबाइलमध्ये ॲप बसवणाऱ्या) फाइलींबद्दल सावध केले होते, कारण त्या उघडल्या की मोबाइलमध्ये घातक ॲप बसते. त्यामुळे लिंक पाठवण्याआधी घरच्या कोणी तरी फोन करून ‘पान पाठवतोय’ असे सांगावे. लग्नानंतर आठवडाभरात पाहुण्यांनी अर्जात भरलेले फोन क्रमांक आणि प्रवासाचे तपशील पुसून टाकावेत, आणि पान बंद करावे.