खाजणातला चिखल आणि डिस्टिलरीचा गॅस

कोयनेचं पाणी सातारा जिल्ह्यातलं. पण वीज करून ते सह्याद्रीपलीकडं उतरतं, वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला जातं. अशा खाड्यांच्या काठच्या कांदळवनांबद्दल ‘कार्बन साठवण्यात एक कांदळ म्हणजे इतकी झाडं’ असे मेसेज सध्या फिरतात. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, या मेसेजचीच ही भावंडं. झाडाचा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून निघतो आणि ते फोडायला उजेड लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखा कार्बन डायऑक्साइडच सोडतो.

झाडानं घेतलेला कार्बन पान गळून कुजलं की परत हवेत जातो. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या भरतीच्या दलदलीत, तो अडकतो, कारण खाली चिखल आहे. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट हळू पसरतो, त्यामुळं वरचे काही मिलिमीटर सोडले तर भिजल्या चिखलात तो जवळपास नसतोच. कांदळवनातल्या तिवराची मुळं श्वासाला वर येतात ती म्हणूनच. जिवाणूंना वर येता येत नाही. ते ऑक्सिजनच्या जागी आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट वापरतात. हे सगळं संपलं की मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांची, मिथेनवाल्यांची, पाळी येते.

खाजणात ती सहसा येतच नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 2.7 ग्रॅम सल्फेट असतं आणि प्रत्येक भरती ते नव्यानं आणून ओतते. सल्फेटवाले आणि मिथेनवाले, दोघांचं ताट एकच, हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेट. सल्फेटवाले ते इतकं चाटूनपुसून खातात, की मिथेनवाल्यांना काही उरत नाही. लिटरला 18 ग्रॅमच्या वर क्षार असले की मिथेन सहसा नगण्य. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतं. त्यामुळं गोड्या दलदलीनं कार्बन साठवला तरी मिथेन तो फायदा खाऊन टाकू शकतं.

हेच भांडण सांगलीकडं डिस्टिलरीत रोज चालतं. उसाचा रस गंधक जाळून शुभ्र करतात. तो गंधक मळीत उतरतो आणि पुढं स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे दारू गाळून उरलेल्या सांडपाण्यात, येतो. त्याचा बायोगॅस करताना सल्फेटवाले मधे येतात, मग गॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. स्क्रबर, म्हणजे हा वायू धुऊन काढणारं यंत्र, न लावता गॅस इंजिनला दिला, तर इंजिन गंजतं.

घरी बघायचं तर लिटरच्या दोन बाटल्या घ्या. दोन्हींत अर्ध्यापर्यंत नदीकाठचा काळा गाळ, मूठभर वर्तमानपत्राचा चुरा, चमचाभर गोबरगॅसची स्लरी. एकीतच दोन चमचे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. क्षारपड रानात टाकतात तेच. वर पाणी भरून दोन बोटं जागा सोडा, झाकण सैल ठेवा आणि बाटल्या अंधारात उबेला ठेवा. झाकण घट्ट लावलं तर बाटली फुगते. वाळूच जास्त घेतली तर काहीच होत नाही. तीन-चार आठवड्यांनी जिप्समचा गाळ जास्त काळा पडतो. तो आयर्न सल्फाइड. दुसरीत काडी खुपसली की बुडबुडे येतात. बाटल्या बाहेर मोकळ्या हवेत उघडा, नाक लावू नका.

आता ओहोटी. एक सल्फेट खर्ची पडलं की दोन बायकार्बोनेट तयार होतात. त्यातला बराच भाग विरघळलेल्या रूपात समुद्रात जातो, म्हणजे तेवढा कार्बन हवेत परतत नाही. मनोऱ्यावर उपकरण लावून सेकंदाला दहा-वीस वेळा हवेतला कार्बन मोजला तरी हा वाटा त्यात दिसत नाही. सल्फाइड लोहाशी जोडून पायराइट झालं तर हा फायदा टिकतो. ऑक्सिजनला भेटून परत सल्फेट झालं, तर होणारं आम्ल तो खातं.

खाजणाला बांध घालून भरती तोडली की दोन्हीकडून मार. आत पावसाचं पाणी साचलं तर सल्फेट संपतं आणि मिथेन सुरू होतं. जमीन कोरडी केली तर पायराइटचं गंधकाम्ल होतं आणि साठलेला कार्बन कुजून हवेत जायला लागतो. म्हणून बांधाखालची मोरी भरतीला पुरेल इतकी रुंद हवी आणि गाळानं बुजू देता कामा नये.