फ्यूजलाज स्टँड, फिरता

हलक्या विमानाचे धड (फ्यूजलाज) दोन्ही टोकांना धरून लांबीच्या अक्षाभोवती फिरवता येईल आणि हव्या त्या कोनात अडकवून ठेवता येईल अशी चौकट. अमेरिकेतील हौशी विमानबांधणीत आणि जुन्या विमानांच्या पुनर्बांधणीत ती ‘रोटिसरी’ म्हणून ओळखली जाते. रिव्हेट मारणे, वेल्डिंग, प्रायमर, ब्रेक व इंधनाच्या नळ्या, वायरिंग ही कामे धड कुशीवर किंवा उलटे करून उभ्याने करता येतात. उलटे केले की ड्रिलचा कीसही खाली पडतो. हा फायदा किरकोळ नव्हे. कोपऱ्यात राहिलेला कीस पुढे वायरींचे आवरण कापतो किंवा कंट्रोल केबलच्या पुल्यांत जातो.

उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार ही कल्पना मोटारींच्या पुनर्बांधणीतून आली. दुसऱ्या मतानुसार तिचे मूळ कारखान्यांतील फिरत्या फिक्स्चरमध्ये (काम धरून ठेवणाऱ्या चौकटींमध्ये), म्हणजे वेल्डिंग पोझिशनर आणि इंजिन जुळणीच्या स्टँडमध्ये आहे. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. विमानांची इंजिने फिरत्या स्टँडवर जुळवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ होती, आणि ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद) नळ्यांच्या सांगाड्यात वितळलेला धातू ओघळू नये म्हणून प्रत्येक सांधा वर आणण्याची गरज त्याहून जुनी आहे. हौशी कार्यशाळांतील प्रसार मात्र बराच नंतरचा. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना स्थापन केली, तर रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची विमानांची किटे बनवणारी व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनी १९७३ मधली. ॲल्युमिनियमच्या किटांबरोबर (घरी जुळवायच्या तयार भागांच्या संचांबरोबर), बहुधा १९७० च्या दशकानंतर, हे साधन फैलावले असावे.

रचना : पुढे व मागे एकेक घोडी, खाली चाके, आणि प्रत्येक घोडीच्या माथ्यावर आस. अक्षापासून धडाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर ७५ सेंमी असेल, तर आसाची उंची ९० ते १०० सेंमी ठेवतात आणि पायाची रुंदी निदान तेवढीच. पुढच्या बाजूला इंजिन माउंटच्या बोल्टांच्या जागी पोलादी अडॅप्टर बसतो. भार लाँगेरॉनच्या (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यांच्या) कोपऱ्यांतच गेला पाहिजे. फायरवॉलचा (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीचा) स्टेनलेस पत्रा अनेकदा अर्ध्या मिलीमीटरहूनही पातळ असतो, त्याच्यावर काहीही टेकवता येत नाही. बोल्ट मूळ मापाचेच (३/८ इंच, म्हणजे अमेरिकी विमान-बोल्टांच्या मानकातील एएन-६, हे नेहमीचे माप), पण कामापुरते वेगळे वापरावेत. नवे भोक पाडू नये. मागे शेवटच्या बल्कहेडच्या (धडातील आडव्या चौकटीच्या) आकाराचा प्लायवुडचा पाळणा कापून त्याला नमदा लावतात व पट्ट्याने आवळतात.

मोटारीच्या इंजिनाचा तयार स्टँड पुढच्या घोडीसाठी चालतो. त्याची ताकद पुरेशी असते. अडचण उंचीची आणि लॉकच्या विरळ भोकांची येते.

संतुलन : अक्ष धडाच्या गुरुत्वमध्यातून गेला नाही, तर धड हातातून सुटून गरकन फिरते. १२० किलोचे धड अक्षापासून १० सेंमी बाहेर असले तरी १२ किलोग्रॅम-मीटर पीळ येतो. ५० सेंमी दांड्यावर तो २४ किलोचा ओढा होतो. अचूक जागा मोजून काढावी. धड ९० अंशांत कुशीवर करून अक्षापासून ठरावीक अंतरावर ताणकाट्याने तोलून धरतात. ६० सेंमी दांड्यावर काटा १४ किलो दाखवत असेल, तर चूक १४ × ६० ÷ १२० = ७ सेंमी. पोट खाली झुकत असेल तर अक्ष पोटाकडे सरकवायचा, पाठ झुकत असेल तर पाठीकडे. दोन्ही टोके सरकवण्याची गरज नसते. दोन आसांमधील अंतर ५ मीटर आणि गुरुत्वमध्य पुढून २ मीटरवर असेल, तर पुढचा अडॅप्टर ७ ÷ ०.६, म्हणजे सुमारे ११.७ सेंमी हलवावा लागतो. म्हणून अडॅप्टरच्या उभ्या पट्टीवर एका ओळीत २५ मिमी अंतराने भोके ठेवतात. पॅनेल, सीट, पेडल बसतील तसा मध्य सरकतो आणि हे माप पुन्हा घ्यावे लागते.

लॉक एका टोकाला की दोन्हीकडे : यावर बांधणाऱ्यांत मतभेद आहेत. दोन्हीकडे लॉक हवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की केवळ पुढे अडकवले तर शेपटीकडे रिव्हेट मारताना धड स्प्रिंगसारखे हलते. ते खरे आहे. पण वरचा पत्रा बसण्यापूर्वी धड झाकण नसलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे असते. बंद पातळ नळीची पीळ सोसण्याची क्षमता वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गावर अवलंबून असते, उघड्या छेदाची पत्र्याच्या जाडीच्या घनावर. दोहोंत कित्येक पटींचे अंतर पडते. अशा वेळी दोन्ही टोके घट्ट असतील, तर जमिनीचा प्रत्येक खळगा धडात उतरतो. एक मीटर रुंद पायाच्या घोडीचे एक बाजूचे चाक १० मिमी उंच बसले, तरी घोडी सुमारे ०.६ अंश कलते, आणि तेवढाच पीळ धडाला बसतो. त्या अवस्थेत पत्रा रिव्हेट केला की पीळ कायमचा होतो. पुढे पंख व शेपटीचे कोन जुळवताना तो उघड होतो. तेव्हा पुढे लॉक, मागे मोकळा आस आणि शेपटीच्या कामापुरता खालून टेकू, हीच पद्धत इष्ट दिसते. मागचा आस लांबीच्या दिशेनेही काही सेंटीमीटर सरकता हवा, नाहीतर घोड्या ढकलताना धड दाबले किंवा ताणले जाते.

लॉकसाठी १५ किंवा ३० अंशांवर भोके पाडलेली तबकडी आणि १२ मिमी पिन पुरते. वरील १२ किलोग्रॅम-मीटर पीळ १५ सेंमी त्रिज्येवर ८० किलो होतो. केवळ घर्षणाच्या क्लँपवर विसंबू नये; रिव्हेट गनच्या धक्क्यांनी तो सैल होतो. वर्म गिअर (मळसूत्री गिअर) लावला तरी पिन हवीच.

फिरता स्टँड जिगचे, म्हणजे जुळणीत भाग अचूक जागी धरणाऱ्या साच्याचे, काम करू शकत नाही. पोलादी सांगाडा सपाट टेबलावर टॅक करून (ठिपक्यांनी तात्पुरता वेल्ड करून) मगच चढवतात. चढवल्यावर पुढे व मागे लाँगेरॉनवर डिजिटल लेव्हल आडवी ठेवून दोन वाचनांतील फरक टिपतात, आणि धड फिरवून परत आणल्यावर पुन्हा पाहतात. फरक बदलला, तर दोष स्टँडचा.

आस : अमेरिकी आराखड्यांत शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीची श्रेणी) चा २ इंची पाइप (बाहेरून ६०.३ मिमी) अडीच इंचीत (आतून ६२.७ मिमी) घालतात, मोकळीक २.४ मिमी, ग्रीस लावून चालते. दीड इंची पाइप २ इंचीत घातल्यास ४.२ मिमी मोकळीक राहते आणि आस खडखडतो. भारतात हेच माप उचलले तर फसते : आयएस १२३९ (पोलादी पाइपांचे भारतीय मानक) चा ६५ एनबी (नाममात्र आतला व्यास, मिमीत) मध्यम पाइप बाहेरून ७६.१ मिमी, आतून सुमारे ६९ मिमी असतो, म्हणजे ५० एनबी पाइपभोवती साडेआठ मिमीहून जास्त पोकळी. नायलॉनची बुश तासून घ्यावी लागते. त्यापेक्षा मागच्या टोकाला यूसीपी २०८ प्लमर ब्लॉक (पायासकट येणारे बेअरिंग) व ४० मिमी शाफ्ट बरा. त्यातील बेअरिंग जुळणीतील एखाद-दुसऱ्या अंशाची चूक स्वतःच सामावून घेते.

फायबरग्लासच्या धडाला पकडण्याजोगे मजबूत बिंदू कमी असतात. तेथे १८ मिमी प्लायच्या दोन थरांच्या रिंगा धडाभोवती बसवून त्या रोलरवर फिरवतात.