पित्त आणि अल्सर: उरी वेगळी, हुण्णू वेगळं

बेळगावात जावा, खानापुरात जावा, निपाणीत जावा, पोटाच्या वरच्या अंगाला काहीही दुखलं की सगळ्यांचं एकच, "पित्त झालंय बघ, गोळी घे." हे ऐकून मला आता खरंच राग येतो. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं धरून उलटी झाली तरी पित्त, छातीत जळजळलं तरी पित्त, आणि डॉक्टरांच्या पुस्तकातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस, ते तर भलतंच. एका शब्दात इतकं कोंबलं की अल्सरपण त्यातच लपून जातो.

याबाबतीत शेजारची कन्नड बरी. जळजळीला होट्टे उरी आणि अल्सरला हुण्णू. तोंड आलं तरी हुण्णूच. उरी म्हणजे जाणवणारी आग, हुण्णू म्हणजे प्रत्यक्ष पडलेली जखम.

ॲसिडिटी कुणाला सांगायला नको. जेवून लगेच आडवं झालं, घशाशी आंबट आलं, ढेकर दिल्यावर बरं वाटलं. अल्सर म्हणजे जठराच्या नाहीतर त्याच्या पुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तराला पडलेली जखम. आतड्यातला अल्सर बऱ्याचदा रिकाम्या पोटी, रात्री दोन-तीनला दुखतो आणि खाल्लं की थांबतो, जठरातला खाल्ल्यावर वाढू शकतो. पण यावरून घरबसल्या निदान करू नका, दोन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळतात.

खरी गफलत पुढं आहे. "पॅन्टोप्राझोल घेतली, थांबलं, म्हणजे पित्तच होतं," असं लोक छातीठोक सांगतात. अहो, ती गोळी ॲसिड कमी करते, आणि जखमेवर ॲसिड कमी पडलं की अल्सरचं दुखणंपण थांबतंच की! त्यामुळं गोळीनं बरं वाटलं यावरून काहीच सिद्ध होत नाही. जखम ज्या कारणानं पडली ते कारण तसंच राहिलं तर गोळी बंद केल्यावर ती परत उठते. आणि उलटंही होतं, जखम आहे पण आग अजिबात नाही. आमच्या मोठ्या काकांचं तेच झालं. उसाच्या फडात गुडघे गेले, दुकानातून रोज दुखण्याची गोळी आणून घ्यायचे, पोटाची एकदाही तक्रार नाही, आणि एका सकाळी शौच डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची. चक्कर येऊन अंगणातच बसले. जखमेतून रक्त जात होतं.

आता कारणं. तिखटानं अल्सर होतो हे डोक्यातून काढा. खर्डा आणि भाकरीनं असलेली जखम चुरचुरेल, पण जखम पाडणारे मुख्य दोघं वेगळेच, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. जंतूचं कुणी मानायला तयार नव्हतं, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला, जठराला सूज आली, आणि 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. गोळ्यांमध्ये डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन. ही औषधं अस्तराला जपणारा पदार्थ शरीरात तयारच होऊ देत नाहीत, आणि हे काम रक्तातून होतं, म्हणून "इंजेक्शन घेतलं, पोटाला काय होत नाही" हे साफ चूक. पोटाला पॅरासिटामॉल त्यामानानं सौम्य. विडी-सिगरेटनं जखम भरायला वेळ लागतो, तंबाखूच्या निपाणीत हे मुद्दाम सांगायला पाहिजे.

लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते. डांबरासारखी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक फळीसारखं कडक झालेलं पोट, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. विनाकारण वजन उतरत असेल तर दुर्बिणीची तपासणी पुढं ढकलू नका, नळीची भीती मला समजते पण जखम डोळ्यानं दिसते ती त्यातच.

जंतूची टेस्ट श्वासावर नाहीतर शौचावर होते, पण ॲसिडची गोळी चालू असेल तर जंतू असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो, म्हणून ती दोन आठवडे आधी थांबवावी लागते, डॉक्टरांना विचारूनच. जंतू सापडला तर सहसा 14 दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स असतो, पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही, आणि संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का ते परत तपासायचं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनानं बंद करू नका. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, गुडघ्याचीपण, कारण "पोटासाठी कुठल्या गोळ्या घेता" एवढंच विचारलं तर आपली माणसं गुडघ्याची गोळी सांगतच नाहीत.