एकवीस दिवसांच्या आधीचं कोल्हापूर

जानेवारी लागला की रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी होते. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं. महाशिवरात्र येईतो यातले बरेच चेहरे दिसेनासे होतात आणि वर्षानुवर्षं येणारे तेवढे उरतात. गळालेल्यांपैकी कुणालाही विचारा, एक आकडा हमखास ऐकायला मिळतो: एकवीस दिवस नेटानं केलं की सवय लागते म्हणे, आमचं तेवढं जमलं नाही.

हा आकडा आला तो अमेरिकेतल्या मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा स्वतःचा वाटायला रुग्णांना साधारण किमान एकवीस दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली छापलेल्या पुस्तकात नोंदवलं. पुढं सांगोवांगीत ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला आणि उरला नुसता आकडा. लंडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ९६ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र बरंच वेगळं निघालं. रोज ठरल्या वेळी एखादी नवी गोष्ट करायची, तर ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागत होते. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नव्हतं.

पण दिवस मोजायची ही भाषाच कोल्हापूरच्या जुन्या मुशीत बसत नाही. इथं सवय हा कुणा एकट्याच्या निश्चयाचा मामला नव्हता. ती लावायला जागा होती, ठरलेली वेळ होती आणि डोक्यावर कुणीतरी उभं होतं.

त्यात पहिली तालीम. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. स्वतः कसलेले मल्ल असल्यानं त्यांनी कुस्तीला नुसतं बक्षीस दिलं नाही, तर राजाश्रय दिला. पैलवान पदरी ठेवले, तालमींना बळ दिलं, आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. मैदान वर्षातून मोजक्या वेळा भरायचं, तालीम मात्र रोज. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही नावं आजही कुस्तीच्या गप्पांत येतात. तालमीतला दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. नवख्या पोराच्या हातात आधी फावडं येतं. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. ती रात्रीतून बसलेली माती उकरून भुसभुशीत करायची, मग मारुतीपुढं हात जोडायचे, मग जोर, बैठका, मग लढत. एकाच्या बैठका थांबल्या की शेजारच्याला कळतं. आजारी नसताना पडून राहिलेल्या पोराला वस्ताद ‘उठतोस का येऊ?’ एवढंच विचारतो, आणि त्याला उत्तराची गरज नसते. व्यायाम संपला की थंडाई घोटायची, तीही आळीपाळीनं. इच्छा झाली म्हणून केलं, असं यात काहीच नाही. मला विचाराल तर तालमीची खरी करामत तिथंच आहे: ‘आज करू का नको’ हा प्रश्नच तिनं पोराच्या हातून काढून घेतला.

हीच घडी पुढं शिक्षणाला बसली. खेड्यातलं पोर शहरात शिकायचं तर राहणार कुठं, इथंच गाडी अडायची. १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं निघाली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. तिथं उठायची वेळ ठरलेली, अभ्यासाची ठरलेली, ताट वाढायची ठरलेली. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

शिस्तीच्या या घरांना भिंतीही होत्या, हे विसरून चालणार नाही. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर ‘विटाळ’ काढायला आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. दिनक्रम कडकच ठेवला, पण सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. राबून शिकायचं, ही तिथली रीत झाली.

या सगळ्याचं फळ कुणात पाहायचं तर खाशाबा जाधवांत. गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले, कुस्तीही इथंच वाढवली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला मातीतला हा मल्ल मॅटवर उतरला आणि सहावा आला. पुढची चार वर्षं त्यानं मेहनत वाढवली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. घाम त्यांचा खराच, पण त्या घामामागं गहाण पडलेलं एक घरही होतं.

बायकांच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. तालमीत त्यांना जागा नव्हती आणि पहाटे उठायला वस्तादही लागत नव्हता. जनावरं वाट पाहत असायची. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला गोकुळ, स्थापन झाला आणि गावोगावच्या डेअरीनं सकाळ-संध्याकाळच्या या राबण्याला वेळेचा काटा लावला. संकलन ठरल्या वेळी बंद होतं, उशिरा आलेली किटली परत जाते. त्या दुधाच्या बिलावर किती घरांतली पोरं शिकली ते खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

आता सवयीचं सगळं ओझं मोबाइलवाल्या एकट्या माणसावर आलंय. गजर त्यानंच लावायचा, नोंद त्यानंच ठेवायची आणि चुकलं की अपराधीही तोच. जुनी व्यवस्था मात्र पुरती मोडलेली नाही. शहरातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची आणि हातभर टेबल घेतात. कित्येकांच्या घरी यापेक्षा मोठं टेबल आहे. तरी सकाळी सातला दार उघडायच्या आधी बाहेर गाड्या लागलेल्या असतात, कारण शेजारच्या खुर्चीवरचा आठच्या आत येऊन बसलेला असतो.