मनात फिरवलेली वस्तू

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामासाठी लागणारे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवण्याचे लाकडी नमुने, बनवणारा एक छोटा कारखाना आहे आणि गेली काही वर्षे माझे तिथे जाणे-येणे आहे. मागच्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातला एक मुलगा तिथे नव्याने कामाला लागला होता. पंपाच्या एका भागाचे ड्रॉइंग टेबलावर पसरून तो एलेव्हेशन, प्लॅन आणि साइड व्ह्यू, म्हणजे समोरून, वरून आणि बाजूने काढलेल्या तीन चित्रांवरून बराच वेळ नुसती नजर फिरवत होता. मिस्त्री त्याच्या मागे येऊन उभे राहिले. "बघत काय बसलास, फिरवून बघ की," असे म्हणून त्यांनी रिकामा उजवा हात हवेत धरला आणि मुठीत तो पंपाचा भाग असावा तसे मनगट सावकाश आत वळवले. "आता भोक कुठं आलं?"

"खाली आलं, मामा."

"मग प्रिंट कुठं लावणार?"

मुलाने क्षणभर डोळे मिटले आणि ड्रॉइंगवर पेन्सिलीने बरोबर जागी खूण केली.

त्या एका क्षणात त्याच्या मनात जे घडले, ते या लेखाचा विषय आहे. पॅटर्नचे काम ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांना त्याची अवघडता सहसा कळत नाही. वितळलेले लोखंड गार होताना आकसते, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा साधारण एक टक्का मोठा करावा लागतो. तो वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. जिथे तयार कास्टिंगमध्ये भोक हवे असते, तिथे पॅटर्नवर उलट उंचवटा काढावा लागतो, त्यालाच प्रिंट म्हणतात. त्या उंचवट्याने साच्याच्या वाळूत जी खाच पडते तिच्यात वाळूचा भरीव कोअर, म्हणजे भोकाच्या जागी लोखंड शिरू न देणारा गाभा, बसतो, आणि तो कोअर बनवण्यासाठी पुन्हा एक आतून पोकळ पेटी लागते. म्हणजे पोकळीचे भरीव आणि भरिवाची पोकळी, अशी उलटापालट कारागिराला एकही वस्तू समोर नसताना करावी लागते.

रॉजर शेपर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला 1968 च्या नोव्हेंबरात एका सकाळी, अर्धवट जागेपणी, हवेत सावकाश फिरणाऱ्या घन आकृत्या दिसल्या आणि मनातले असे फिरणे मोजता येईल का, हा प्रश्न त्याने धरून ठेवला. जॅकलिन मेट्झलर हिच्यासोबत त्याने केलेला प्रयोग 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा ठोकळे एकमेकांना जोडून तीन ठिकाणी काटकोनात वळलेली एक आकृती तयार केली जाई आणि अशा दोन आकृत्यांची चित्रे शेजारीशेजारी दाखवली जात. काही जोड्यांत दोन्ही आकृत्या एकच असत, फक्त एक थोडी वळवलेली असे. काहींत दुसरी आकृती पहिलीची आरशातली प्रतिमा असे. आठ प्रौढ व्यक्तींनी अशा 1600 जोड्या पाहून 'सारखी' की 'वेगळी' एवढेच सांगायचे होते आणि उत्तराला लागलेला वेळ मोजला जात होता.

आकृती जितकी जास्त वळवलेली, तितका वेळ जास्त लागला, आणि ही वाढ जवळजवळ सरळ रेषेत होती. काहीच वळवलेले नसताना सुमारे एक सेकंद पुरत असे, तर 180 अंशांच्या फरकाला चार सेकंदांहून अधिक वेळ लागे. हिशेब केला तर मनातली वस्तू सेकंदाला साधारण 60 अंश या गतीने फिरत होती. आकृती कागदाच्या पातळीत घड्याळाच्या काट्यासारखी वळवली काय किंवा पाहणाऱ्यापासून आत-बाहेर, दरवाजा उघडावा तशी वळवली काय, गती तीच राहिली. मला यातला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण कागदावर ती दोन सपाट चित्रेच होती. आकृतीची खोली, म्हणजे तिसरी मिती, पाहणाऱ्याने मनात उभी केली होती.

मिस्त्रींच्या मनगटाचाही खुलासा प्रयोगांनी झाला आहे. 1998 मध्ये वेक्सलर, कॉसलिन आणि बर्थोझ या संशोधकांनी लोकांना मनात आकृती फिरवायला सांगून त्याच वेळी हाताने, न पाहता, एक दांडा फिरवायला लावला. हात आणि मनातली आकृती एकाच दिशेला वळत असतील तर काम जलद व बिनचूक होई. उलट दिशांना वळत असतील तर अडखळे. जन्मांध व्यक्तींना स्पर्शाने आकृत्या ओळखायला दिल्या तेव्हाही कोन वाढला तसा वेळ वाढला, हे मार्मोर आणि झाबॅक यांनी 1976 मध्येच दाखवले होते. मनात जे फिरते ते डोळ्यांच्याच मालकीचे असते असे यानंतर म्हणता येत नाही.

मनातल्या नकाशाचेही असेच आहे. कॉसलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये लोकांना एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ करायला लावला. मग डोळे मिटून एका ठिकाणावर लक्ष ठेवायचे आणि दुसऱ्या ठिकाणाचे नाव ऐकले की मनातल्या मनात तिथे पोहोचून बटण दाबायचे. नकाशावरचे अंतर जितके जास्त, तितका वेळ जास्त लागला. बेळगावकराला हे घरबसल्या करून पाहता येईल: डोळे मिटून कपिलेश्वर मंदिरापाशी उभे राहा आणि रेल्वेरुळांच्या कडेने टिळकवाडीच्या पहिल्या गेटापर्यंत मनाने जा, मग पुन्हा मंदिरापासून निघून दुसरे गेट मागे टाकत तिसऱ्या गेटापर्यंत जा.

अर्थात यावर आक्षेप आला आणि तो भक्कम होता. झेनॉन पिलिशिन या मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की मनात कोणतेही चित्र नसते. लांब जायला जास्त वेळ लागतो हे माणसाला ठाऊक असते आणि प्रयोगात तो त्या जाणिवेबरहुकूम वागतो. खरे ज्ञान चित्रात नसून वर्णनाच्या रूपात साठवलेले असते, आणि ते वर्णन मराठी, कानडी अशा कुठल्या बोलीतले नसून त्या सर्वांच्या खालच्या थरातले असते. हा वाद कित्येक दशके चालला. उद्यमबागेत एकाच ड्रॉइंगवरून मराठी बोलणारा पॅटर्नमेकर आणि कानडी बोलणारा मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा भरणारा, काम करतात आणि त्यांच्या हातून एकच वस्तू घडते, हे रोज पाहताना मला पिलिशिनच्या म्हणण्यातला अर्धा भाग पटत आला आहे. मनात काहीतरी असते, ते भाषेच्या पलीकडचे असते, पण तो फोटो नव्हे.

फोटो नव्हे, याचा सर्वांत सुंदर पुरावा 1985 मध्ये चेंबर्स आणि राइसबर्ग यांनी दिला. एकाच रेषाचित्रात बदक पाहिले तर बदक आणि ससा पाहिला तर ससा दिसतो, ते जुने चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. ज्यांनी ते आधी पाहिलेले नव्हते अशा लोकांना ते थोडा वेळ दाखवून काढून घेतले आणि सांगितले की मनातल्या चित्राकडे नीट पाहा, त्यात दुसरा प्राणी सापडतो का. अशा चित्रांत दोन अर्थ दडलेले असतात हे त्यांना दुसऱ्या उदाहरणांनी आधीच समजावलेले होते. तरीही एकालाही दुसरा प्राणी सापडला नाही. मग त्यांना मनातले ते चित्र कागदावर काढायला सांगितले, आणि स्वतःच काढलेल्या त्या ओबडधोबड चित्रात प्रत्येकाला दुसरा प्राणी दिसला.

म्हणजे मनातली प्रतिमा आपला अर्थ घेऊनच येते. कागदावरची रेघ ही नुसती रेघ असते, तिला बदकाची चोच म्हणा किंवा सशाचे कान म्हणा, तिची हरकत नसते. मनातली चोच मात्र चोचच राहते. नंतरच्या प्रयोगांत योग्य सूचना मिळाल्यावर काहींना मनातल्या मनात हा पालट जमला, आणि सोपे आकार जोडून नवे काही ओळखणे तर पुष्कळांना जमते. फिंके, पिंकर आणि फारा यांनी 1989 मध्ये विचारलेले असे एक कोडे आहे: इंग्रजी मोठा 'डी' डावीकडे काटकोनात वळवा, म्हणजे त्याची सपाट बाजू खाली येईल, आणि त्या बाजूच्या मध्याखाली मोठा 'जे' जोडा. आमच्याकडे जूनपासून दारामागे टांगलेली वस्तू डोळ्यांपुढे येईल.

अर्थ आधीच चिकटलेला असणे ही अडचण प्रत्यक्ष वस्तूंच्या बाबतीतही येते. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मेणबत्त्या, टाचण्या आणि छोटी खोकी देऊन मेणबत्त्या दारावर उभ्या करायला सांगितल्या होत्या. खोकी रिकामी दिली तेव्हा ती दारावर टाचून त्यांचा ठाणवईसारखा उपयोग करणे लोकांना सहज सुचले. तीच खोकी सामान भरून दिली तेव्हा पुष्कळांना ते सुचलेच नाही. भरलेले खोके 'ठेवण्याचे खोके' झाले होते.

आता विचार करण्याकडे, म्हणजे दिलेल्या गोष्टींवरून न दिलेली गोष्ट काढण्याकडे वळू. फिलिप जॉन्सन-लेअर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या मते वाक्ये ऐकताना आपण मनात एक छोटी मांडणी उभारतो आणि उत्तर त्या मांडणीवरून वाचतो. खडेबाजारातली तीन दुकाने घ्या. भांड्यांच्या दुकानाच्या उजवीकडे कुंद्याचे दुकान आहे आणि कुंद्याच्या दुकानाच्या उजवीकडे कापडाचे. भांडी आणि कापड यांत डावीकडे कोण, याचे उत्तर झटकन येते. आता वाक्ये जराशी बदलू: कुंद्याचे दुकान भांड्यांच्या दुकानाच्या उजवीकडे आहे, आणि कापडाचे दुकानही भांड्यांच्या दुकानाच्या उजवीकडे आहे. कुंदा आणि कापड यांत डावीकडे कोण? पुष्कळ लोक वाक्यांच्या क्रमाने कुंदा आधी मांडतात आणि तेच उत्तर देऊन मोकळे होतात. प्रत्यक्षात दोन मांडण्या तितक्याच शक्य आहेत आणि उत्तर ठरत नाही. ज्या कोड्यांत एकापेक्षा जास्त मांडण्या बसतात ती लोकांना अधिक अवघड जातात आणि चुकाही तिथेच जास्त होतात, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. पहिली मांडणी जमली की मन थांबते.

ही मांडणी जितकी ठसठशीत दिसेल तितका विचार चांगला होईल, असे कोणालाही वाटेल. क्नाउफ आणि जॉन्सन-लेअर्ड यांना 2002 मध्ये याच्या उलट आढळले. 'वर-खाली', 'पुढे-मागे' अशा संबंधांवरून लोक वेगाने निष्कर्ष काढत होते, पण 'अधिक स्वच्छ', 'अधिक मळका' अशा डोळ्यांपुढे चित्र उभे करणाऱ्या शब्दांवरून तोच निष्कर्ष काढायला त्यांना जास्त वेळ लागत होता. मळाचा रंग, डागांचा आकार, हे सगळे मनाने रंगवले तरी उत्तराला त्याचा काही उपयोग नसतो आणि रंगवण्यात वेळ मात्र जातो.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेली एका गृहस्थाची हकिगत याला जोडूनच वाचण्यासारखी आहे. इमारतींची पाहणी करण्याच्या व्यवसायात ज्याचे आयुष्य गेले अशा या 65 वर्षांच्या माणसाची मनात चित्र पाहण्याची शक्ती हृदयावरच्या एका उपचारानंतर अचानक नाहीशी झाली. मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी त्याला शेपर्डच्या धर्तीची कोडी दिली तेव्हा त्याची उत्तरे बरोबर आली, मात्र वाढत्या कोनाबरोबर वेळ वाढण्याचा तो ठराविक नमुना त्याच्यात दिसला नाही. एकाच मुक्कामाला तो दुसऱ्या वाटेने पोहोचत होता. जन्मापासूनच मनात चित्रे न दिसणारी माणसेही असतात, आणि त्यांतली बरीच आपले काम नीट करतात. 'मला डोळ्यांपुढे काही येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला ड्रॉइंग जमणार नाही असे कोणत्याही शिक्षकाने म्हणू नये.

पंपाच्या त्या पॅटर्नकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी त्याच ड्रॉइंगमधल्या एका उंचवट्यावर काम अडले. मुलाच्या मते तो गोल होता आणि तसा तो त्याला स्पष्ट दिसत होता. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीचे दोन तुकडे केले, एक त्याच्या हातात दिला आणि दुसरा आपण घेतला. मुलाने गोल उंचवटा कोरला, मिस्त्रींनी चौकोनी. दोन्ही तुकडे ड्रॉइंगशेजारी ठेवून त्यांनी समोरून आणि बाजूने पाहायला लावले, आणि दोन्हीकडून दोन्ही तुकड्यांची कड तंतोतंत सारखी दिसली. वरून पाहिल्यावर फरक कळला असता, पण त्या भागापुरता प्लॅन ड्रॉइंगमध्ये काढलेलाच नव्हता. मुलाने दोन्ही तुकड्यांचे फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवले आणि उत्तर येईपर्यंत लाकडाला हात लावला नाही.