आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शने

कच्चा माल, यंत्रे व तयार वस्तू अनेक देशांनी एकाच ठिकाणी मांडण्याची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली प्रथा.

उगम : आरंभाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक बोहेमियाचा राजा म्हणून झालेल्या दुसऱ्या लेओपोल्टच्या राज्याभिषेकानिमित्त प्रागमध्ये १७९१ साली भरलेल्या प्रदर्शनाला पहिले मानतात. पण तो प्रासंगिक समारंभ होता. पॅरिसचे १७९८ चे शां द मार्स मैदानावरील प्रदर्शन अधिक ग्राह्य वाटते. तेथे परीक्षक व बक्षिसे होती, आणि ती मालिका खंड पडत का होईना १८४९ पर्यंत चालली. माल मात्र फक्त फ्रेंच. १८४९ मध्ये परदेशी माल घेण्याची सूचना झाली, तीही व्यापारी मंडळांच्या विरोधाने बारगळली. जकातीच्या आडोशाने वाढलेल्या कारखानदारांना ब्रिटिश मालाची धास्ती होती. ब्रिटनने १८४६ मध्ये आयात धान्यावर जकात बसवणारे धान्य कायदे रद्द केले होते आणि तेथील कारखानदार स्पर्धेला भीत नव्हते. त्यामुळे पॅरिस पाहून आलेले ब्रिटिश सनदी अधिकारी हेन्री कोल यांची सर्व देशांच्या प्रदर्शनाची कल्पना राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स ॲल्बर्ट यांच्या पाठिंब्याने लंडनमध्ये १८५१ साली साकार झाली.

वास्तू : लंडनच्या प्रदर्शनासाठी आलेले २४५ आराखडे बाजूला ठेवून बांधकाम समितीने विटांची घुमटदार इमारत सुचवली. तिला सुमारे दीड कोटी विटा लागल्या असत्या, शिवाय हाइड पार्क या सार्वजनिक उद्यानातून ती पुढे हलवणे अशक्य होते. त्याऐवजी उभारलेल्या, उद्यानतज्ज्ञ जोसेफ पॅक्स्टन यांच्या काचघरात सारी मापे २४ फुटांच्या पटीत धरल्याने सुटे भाग कारखान्यात एकसारखे पाडता आले. काचेची तावदाने सुमारे ४९ × १० इंचांची होती, संख्या तीन लाखांच्या जवळपास. छपरावरील लाकडी पन्हळींना खालून लोखंडी सळईने ताण देऊन मध्यभागी किंचित उचलले होते. पाणी दोन्ही टोकांना जाऊन ओतीव लोखंडाच्या पोकळ खांबांतून खाली उतरे. आतून काचेवर धरणाऱ्या दवासाठी पन्हळीच्या बाजूंना वेगळ्या खाचा होत्या. याच पन्हळींवर चाके टेकवून कारागिरांच्या गाड्या सरकवत व काचा बसवत. इतक्या सांध्यांत पुट्टी सर्वत्र घट्ट राहणे कठीण. पावसात छप्पर गळत असे. उन्हाळ्यासाठी त्यावर कापड ताणले होते.

मांडणी : लंडनची वर्गवारी चार विभाग व ३० वर्गांची होती, पण जागा देशवार दिल्याने एकाच प्रकारची यंत्रे शेजारी ठेवून तुलना करता येईना. वस्तूंवर किंमत लिहिण्यासही मनाई होती, म्हणजे खरेदीदाराला हवी ती माहितीच गायब. पॅरिसने १८६७ मध्ये लंबवर्तुळाकार इमारतीत वलये वस्तुप्रकारांना व त्रिज्यांमधले पट्टे देशांना देऊन तोड काढली. तथापि ज्या देशाकडे यंत्रे थोडी, त्याचा पट्टा यंत्रांच्या बाहेरच्या वलयात भरेना. फिलाडेल्फियाने (१८७६) विषयवार स्वतंत्र इमारती उभारल्या.

परिणाम : लंडनला सुमारे ६० लाख भेटी नोंदल्या गेल्या व १,८६,००० पौंड शिल्लक राहिले, त्यातून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली. व्हिएन्नाला (१८७३) मात्र पटकी व शेअरबाजाराच्या घसरणीने तोटा झाला. प्रदर्शनांची वारंवारता १९२८ च्या पॅरिस कराराने नियमबद्ध झाली.

भारत : १८५१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या दालनाची बरीच वाखाणणी झाली, कोहिनूर मात्र निस्तेज वाटला आणि १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू जमवताना झालेल्या संग्रहातून मुंबईचे संग्रहालय उभे राहिले. भायखळ्याच्या इमारतीत ते १८७२ मध्ये खुले झाले. आजचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय.